हात धुतलेलं पाणी झाडांना देताना: नागपूरच्या कार्यालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै २०१९ मध्ये नागपूरला पाणी पुरवणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि नागपुरात नळ एक दिवसाआड यायला लागले. हिंगणा रस्त्यावरच्या आमच्या कार्यालयात साठ माणसं काम करतात. आवारात नुकतीच लावलेली करंजाची रोपं होती आणि ती आम्ही टँकरच्या पाण्यावर जगवत होतो. त्याच दिवसांत मागच्या भिंतीला बेसिनचा पाइप दिसला. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत त्यातून पाणी गटारात पडत होतं. ते पाणी वळवलं, आणि तेव्हापासूनचे सगळे उन्हाळे आमची झाडं त्यावरच निघाली. इतर कार्यालयांतली, शाळांतली, छोट्या कारखान्यांतली माणसं बघायला येतात. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि आमच्या हातांनी तपासलेली उत्तरं इथे आहेत.

ग्रेवॉटर म्हणजे नेमकं कोणतं पाणी?

हात धुतलेलं, तोंड धुतलेलं, आंघोळीचं, कपडे धुतलेलं पाणी. संडास आणि मुतारीचं पाणी यात कधीच येत नाही, त्याची वाट सरळ मलवाहिनीकडे.

आपल्याकडे हे नवीन नाही. जुन्या घरांत न्हाणीच्या मोरीचं पाणी परसात जायचं आणि तिथे केळ, अळू, कर्दळ हमखास असायची. आजीने कधी त्याला नाव दिलं नव्हतं, पण कोणतं रोप मोरीच्या तोंडाशी लावायचं आणि कोणतं लांब ठेवायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. बदललं आहे ते पाण्यात पडणारं रसायन. तेव्हा शिकेकाई, राख आणि थोडा साबण असायचा. आज फिनाइल, ब्लीच आणि ॲसिड असतं. म्हणून जुनी पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही.

आमच्याकडे किती पाणी निघेल?

राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयासाठी माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरलेलं आहे. त्यातले २० लिटर फ्लशचे. उरलेल्या २५ मध्ये पिणं, स्वयंपाक, सफाई सगळं येतं, त्यामुळे झाडांपर्यंत पोचणारं पाणी त्याहून बरंच कमी असतं.

कागदावर हिशोब करण्यापेक्षा बेसिनच्या पाइपाखाली बादली लावून मोजा. आम्ही आधी असा हिशोब केला होता: साठ माणसं, दिवसातून सहा वेळा हात धुणं, दर वेळी दीड लिटर, म्हणजे ५४० लिटर. बादलीने आठवडाभर मोजलं तेव्हा ४०० च्या आसपास भरलं. शनिवारी निम्मं, रविवारी काहीच नाही. नळाला हवा मिसळणारी जाळी बसवली तर पाणी आणखी कमी होतं, आणि ते व्हायलाच हवं. झाडांना पाणी मिळावं म्हणून नळ मोठा सोडणारे लोकही मी पाहिले आहेत. तसं करू नका. आधी पाणी वाचवा, मग जे वाहून जाणारच आहे ते झाडांना द्या.

शहराचं सांडपाणी शुद्ध करून वीज केंद्राला जातंच, मग आम्ही हा खटाटोप का करावा?

भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, हे खरं आहे आणि नागपूरने अभिमान बाळगावा असंच ते काम आहे. पण तुमच्या बेसिनचं पाणी मैल्यात मिसळून, शहराच्या पूर्व टोकापर्यंत वाहून, शुद्ध होऊन मग कामाला येतं. त्याच वेळी तुमच्या आवारातल्या रोपाला पेंच किंवा कन्हानहून आणलेलं पिण्याचं पाणी नळीने घातलं जातं. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारं पाणी घटलं आहे. अशा पाण्याचा थेंबही रोपावर घालायची गरज नाही, इतकंच आमचं म्हणणं.

व्यवस्था कशी असते? पंप, फिल्टर, टाकी काय काय लागतं?

शक्यतो यातलं काहीच लागू नये असा प्रयत्न करा. आमच्याकडे पंप नाही. जमिनीचा उतार जिकडे, तिकडे पाणी जातं.

बेसिनच्या बाहेरच्या पाइपावर तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवला आहे. एका बाजूला फिरवला की पाणी झाडांकडे, दुसऱ्या बाजूला फिरवला की मलवाहिनीच्या चेंबरमध्ये. हा व्हॉल्व्ह हाताला सहज लागेल अशा ठिकाणी आणि डोळ्यांसमोर हवा. त्यावर रंगाने बाण काढा आणि मराठीत लिहा. व्हॉल्व्ह गवतात दडलेला असला की तो कोणी फिरवत नाही.

पुढे पाणी एका झाकणाच्या बादलीतून जातं. तीत नायलॉनच्या जाळीची पिशवी आहे, केस, कागदाचे तुकडे, भाताची शितं तिथे अडकतात. मग ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार देऊन. उतार कमी झाला की साबणाचा चिकटा आत बसतो. त्या पाइपाला टी लावून दोन फांद्या, त्यांच्या चार, चारांच्या आठ आणि आठांच्या सोळा केल्या आहेत. प्रत्येक टी पाणसळ ठेवून बसवावा लागतो. तो जरा तिरका झाला तर एका झाडाला सगळं पाणी आणि शेजारचं कोरडं. आमच्या प्लंबरभाऊंनी पहिल्या दिवशी अंदाजाने बसवले होते, दुसऱ्या दिवशी सगळे उखडून पुन्हा बसवले.

प्रत्येक फांदीच्या शेवटी आळं आहे, सहा फूट व्यासाचं. पाइपाच्या तोंडाखाली गिट्टी पसरून त्यावर तळाला भोक असलेली मातीची कुंडी उपडी घातली आहे आणि पाइप त्या भोकातून आत सोडला आहे. त्यावर चार बोटं कुटार किंवा पालापाचोळा. पाणी कुठेच उघडं दिसत नाही. पाइपाचं तोंड मातीत पुरू नका, मुळं आत शिरतात. कुंडीतली हवेची पोकळी त्यासाठीच आहे.

सोळा आळी म्हणजे साधारण ४० चौरस मीटर माती. ४०० लिटर पाणी त्यावर पसरलं की चौरस मीटरला १० लिटर होतात. आमच्या मातीत त्याच्या वर गेलो की पाणी साचायला लागतं, हे आम्ही दोन आळ्यांत पाहून घेतलं. म्हणून पाणी जास्त असेल तर आळी वाढवा, एकाच झाडावर जास्त लोटू नका.

पाणी टाकीत साठवून रविवारी दिलं तर?

नको. साबणाचं पाणी एका दिवसात सडायला लागतं, वास येतो आणि जंतू वाढतात. आज निघालेलं आज मातीत गेलं पाहिजे. रविवारी पाणी मिळालं नाही म्हणून कोणतंही करंज किंवा जांभूळ वाळत नाही, आळ्यात आच्छादन असेल तर दोन दिवस ओल टिकते. दिवाळीच्या सलग सुट्टीत मात्र बादलीतली जाळी धुऊन उपडी ठेवून जा.

कोणता साबण चालतो?

सगळ्यात जास्त झाडं या प्रश्नावर जगतात किंवा मरतात, म्हणून इथे जरा थांबते.

साबणातला झाडांचा शत्रू सोडियम. कपडे धुण्याच्या पावडरमध्ये तो भरपूर असतो, द्रवरूप साबणात त्या मानाने कमी. हात धुण्यासाठी साधा, पातळ, जंतुनाशक नसलेला द्रव साबण घ्या. पोटॅशियमवर आधारलेला मिळाला तर उत्तम, पोटॅशियम झाडाला चालतं. बाटलीवर बोरॅक्स किंवा बोरॉन लिहिलं असेल तर ती घेऊच नका. बोरॉन झाडाला चिमटीभर लागतो आणि त्याहून थोडा जास्त झाला की पानांच्या कडा जळतात.

पण हात धुण्याच्या साबणाने आमचं एकही झाड गेलं नाही. गेलं ते पोछ्याच्या बादलीने. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एका फांदीवरची दोन रोपं चार दिवसांत करपली. आम्ही कीड शोधली, मुळं उकरून पाहिली. शेवटी सफाईच्या मावशींनीच सांगितलं, "मॅडम, मी त पोछ्याचं पाणी याच बेसिनात टाकते, संडासात टाकाले बादली उचलत नाही माह्याच्यानं." त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की या बेसिनचं पाणी आता कुठे जातं. आराखडा काढताना आम्ही प्लंबरला बोलावलं, माळीदादांना बोलावलं, साहेबांची सही घेतली. रोज तिथे काम करणाऱ्या बाईला मात्र विचारलं नाही. ती चूक सर्वस्वी आमची होती.

मग जमिनीलगत एक वेगळी नहाणी केली, पोछ्याचं पाणी ओतायला. तिचा पाइप थेट चेंबरला. बादली उचलावी लागत नाही. मावशींना सगळी झाडं फिरून दाखवली, कोणता पाइप कुठे उघडतो ते सांगितलं. आता फिनाइल, ब्लीच, ॲसिड काहीही वापरायचं असेल तर त्या आधी व्हॉल्व्ह फिरवतात आणि काम झाल्यावर दोन बादल्या साधं पाणी सोडून मगच परत झाडांकडे वळवतात. नवीन माणूस आला तर त्याला त्याच शिकवतात. तुमच्याकडे सफाईचं काम कंत्राटदाराकडे असेल आणि माणसं दर तीन महिन्यांनी बदलत असतील, तर आधी हा प्रश्न सोडवा आणि मगच पाइपाला हात लावा.

पॅन्ट्रीचं आणि डबे धुतलेलं पाणी चालेल का?

दुपारी दोन वाजता कोणत्याही मराठी कार्यालयाच्या बेसिनवर उभे राहा: वरणाचा थर, भाजीचं तेल, भाताची शितं. तेल मातीवर पापुद्रा धरतं आणि पाइपात जमून वास मारतं. पॅन्ट्रीचं सिंक आम्ही झाडांना जोडलेलं नाही. डबा तिथेच धुवायचा, आधी कागदाने पुसून, आणि उरलेलं अन्न कंपोस्टच्या डब्यात टाकून. बेसिनवर तशी पाटी आहे. पहिले काही महिने ती कोणी वाचत नव्हतं. जाळीची पिशवी कशी भरते ते एकदा सगळ्यांना उघडून दाखवलं, तेव्हापासून वाचतात.

आमच्याकडे काळी माती आहे. त्यात हे चालतं का?

चालतं, पण काळजी घ्यावी लागते. नागपूरच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी काळ्या खडकावर तयार झालेली ही भारी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मे महिन्यात भेगांत हात जातो.

पहिली अडचण पाण्याच्या वाटेची. आळं कोरडं ठणठणीत असेल तर पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं, मुळांना मिळत नाही. म्हणून आळं कधी पूर्ण सुकू द्यायचं नाही आणि आच्छादन जाड ठेवायचं.

दुसरी अडचण पाइपाची. माती फुगते-आकसते तशी पाइपाची जोडणी हलते आणि उतार बिघडतो. पाइपाखाली आणि भोवती रेती किंवा मुरूम भरून घ्या. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये एकदा पाणसळ लावून तपासा.

तिसरी अडचण इमारतीची, आणि तीत हलगर्जीपणा करू नये. पायाशेजारची काळी माती सतत ओली ठेवली तर ती फुगून भिंतीला तडे जाऊ शकतात. आळं इमारतीपासून किमान तीन मीटर लांब हवं. कुंपणाच्या भिंतीलाही हेच लागू.

चौथी आणि सगळ्यात सावकाश येणारी अडचण सोडियमची. काळ्या मातीचे कण एकमेकांना धरून असतात ते मुख्यतः कॅल्शियममुळे. वर्षानुवर्षं साबणाचं पाणी घातलं की कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी मुरणं बंद होतं. वरून माती चिकट दिसते, वाळली की सिमेंटसारखी होते.

हे ओळखायला प्रयोगशाळेआधी घरचा एक प्रयोग करा. आळ्यातलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ विरघळून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर माती ठीक आहे. भोवती दुधाळ, गढूळ वलय दिसलं तर सोडियम वाढला आहे. तुलनेसाठी पाणी न दिलेल्या जागेचं ढेकूळ शेजारच्या ग्लासात ठेवा.

उपाय जिप्सम. कृषी सेवा केंद्रात मिळतं. मृगाचा पाऊस पडायच्या आधी आळ्यात चौरस मीटरला अर्धा किलो पसरून वरच्या मातीत मिसळा, मग पाऊस ते खाली नेतो. हा क्रम पाळा. सोडियम भरलेल्या मातीवर नुसतं पावसाचं स्वच्छ पाणी पडलं तर कण उलट जास्तच सुटतात. सोबत दर वर्षी शेणखत घाला. आणि दोन वर्षांतून एकदा माती परीक्षण करून सामू (पीएच) आणि क्षारता बघा. आपली काळी माती मुळातच विम्लतेकडे, म्हणजे अल्कधर्मी बाजूला झुकलेली असते, साबण तिला आणखी तिकडे नेतो.

कोणती झाडं लावावीत?

इथलीच. पण इथलं प्रत्येक झाड या पाण्याला योग्य नसतं.

ओल आणि थोडे क्षार दोन्ही सहन करणारी झाडं म्हणजे करंज, अर्जुन, जांभूळ, बाभूळ. करंज तर नवख्या माणसाने डोळे मिटून लावावं. अर्जुन मुळात नदीनाल्याच्या काठचा, त्याला पाय ओले आवडतात. पळसही साचलेलं पाणी आणि क्षार सोसतो. विदर्भात माळावर पळस फुलला की उन्हाळा आला म्हणायचं. त्याला लहानपणी पाणी द्या, मोठेपणी विसरून जा. बेल आणि कडुनिंब विम्ल मातीत चांगले येतात, फक्त निंबाच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका.

मोह, तेंदू, साग, काटेसावर ही कोरड्या पानझडी जंगलातली झाडं. यांना रोजची ओल सोसत नाही. मोहाचं एक झाड आम्ही आळ्यात लावून घालवलं, दुसरं आळ्याच्या बाहेर दहा फुटांवर लावलं, ते छान आहे. वड, पिंपळ, उंबर पाइपाजवळ नकोत, त्यांची मुळं जोड शोधून काढतात.

झुडपांत अडुळसा, निर्गुडी, तरवड. निर्गुडी फुलली की मधमाश्यांची गर्दी होते. गवतांत वाळा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि उताराची माती धरून ठेवतात. पूर्वी कूलरच्या ताट्यांत हाच वाळा असायचा, आता नागपुरात तो हौसेने लावावा लागतो.

कोनोकार्पस लावू नका. रोपवाटिकेत तो झटपट हिरव्या भिंतीसाठी सुचवला जातो. तो इथला नाही, मुळं पाइपांत घुसतात, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

संत्र्याला दिलं तर?

नागपूर म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. नको. संत्र्याला क्षार सोसत नाहीत, बोरॉन सोसत नाही आणि भारी मातीत बुडाशी ओल राहिली की मूळकूज लागते. संत्र्याला चांगलंच पाणी द्या.

फळं, भाज्या खाता येतील का?

जमिनीपासून उंच लागणारी फळं, जांभूळ किंवा बेल, खायला हरकत नाही. पडलेलं फळ धुऊन घ्या. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर अजिबात नको. टेरेसवर भाजी लावायची हौस असेल तर तिला वेगळं पाणी.

कूलर, एसी आणि आरओचं पाणी याच पाइपात सोडू का?

तिन्ही पाणी वेगवेगळी आहेत.

कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. रोज वरून नवीन पाणी भरत राहिल्याने टाकीतलं पाणी आठवड्यात खूप खारट होतं, बोअरवेलचं असेल तर आणखीच. ताट्यांवर पांढरा थर जमतो तो तोच. नागपुरात मार्च ते जून प्रत्येक खिडकीत कूलर असतो आणि टाकी रिकामी केली की पाणी जवळच्या रोपावर ओततात. महिनाभर असं केलं की रोपाच्या पानांच्या कडा तपकिरी होतात आणि दोष उन्हाला दिला जातो. कूलरचं उरलेलं पाणी मलवाहिनीत सोडा, किंवा आवार झाडण्याआधी धूळ बसवायला शिंपडा.

आरओचं सांडलेलं पाणीही तसंच, क्षार त्यात एकवटलेले. ते फरशी पुसायला आणि फ्लशला उत्तम आहे.

एसीचं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं. अडचण एवढीच की नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, जेव्हा झाडाला त्याची खरी गरज असते, तेव्हा नागपूरची हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी फारसं गळत नाही. ते भरपूर येतं जुलै-ऑगस्टमध्ये. तरी जमेल तेव्हा ते कुंड्यांना द्या.

वास, डास, रोगराई?

हात धुतलेल्या पाण्यात शौचानंतर धुतलेल्या हातांचेही जंतू असतात. त्यामुळे ते स्वच्छ समजून वागू नये. नळीने फवारू नका, स्प्रिंकलर लावू नका, हिरवळीवर सोडू नका. आच्छादनाखाली मातीत गेलं की मातीतले जीव बाकीचं काम करतात. जाळी साफ करताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.

डासांचं गणित सोपं आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि त्याला साचलेलं पाणी हवं. आळ्यात पाणी दोन तासांपेक्षा जास्त दिसत असेल तर आळं अपुरं आहे किंवा माती बुजली आहे. त्या दिवशीच व्हॉल्व्ह फिरवा आणि कारण शोधा.

कार्यालयात कोणाला कावीळ, टायफॉइड झाल्याचं कळलं तर आम्ही काही आठवडे पाणी चेंबरमध्ये सोडतो.

पावसाळ्यात काय करायचं?

मोसमी पाऊस स्थिरावला की व्हॉल्व्ह चेंबरकडे, आणि ऑक्टोबरपर्यंत तिकडेच. भिजलेल्या काळ्या मातीत आणखी पाणी घातलं तर मुळं गुदमरतात. आमच्याकडे ही तारीख दिनदर्शिकेत लिहिलेली नसते, मावशी आणि माळीदादा माती बघून ठरवतात.

चेंबरकडच्या पाइपाला उलटं पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह लावून घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते विसरण्यासारखं नाही. सखल भागात मलवाहिनी तुंबली की मैला उलटा वर येतो. तो झाडांच्या पाइपात शिरला तर सगळी व्यवस्था धुऊन काढावी लागते.

ठिबक लावलं तर पाणी नीट वाटलं जाईल ना?

ठिबकची भोकं साबणाच्या चिकट्याने दोन महिन्यांत बंद होतात. चांगले फिल्टर, पंप आणि त्यांची आठवड्याला सफाई करणारा माणूस असेल तरच.

परवानगी लागते का?

राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वापरलेल्या पाण्याच्या पुनर्वापरासाठी वेगळी तरतूद आहे. शैक्षणिक, औद्योगिक, व्यापारी, सरकारी इमारतींचं बांधकाम १५०० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, किंवा पाण्याचा वापर दिवसाला २०,००० लिटरच्या घरात असेल, तर ती करणं अपेक्षित आहे. नवीन इमारत बांधत असाल तर वास्तुविशारदाला पहिल्याच बैठकीत सांगा: बेसिनचा पाइप संडासच्या पाइपापासून वेगळा ठेवा. नंतर भिंती फोडून हे करणं फार महाग पडतं.

पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि हा पाइप कुठेही जोडलेला नसावा, रंग वेगळा असावा, पाटी असावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. कारखान्याच्या प्रक्रियेतलं, गॅरेजमधलं, छापखान्यातलं, दवाखान्यातलं किंवा प्रयोगशाळेतलं पाणी हे ग्रेवॉटर नाही. त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वेगळे नियम आहेत. एमआयडीसीत एकाच आवारात दोन्ही प्रकारचं पाणी असतं. कामगार ग्रीस लागलेले हात कुठे धुतात, ते आधी बघा.

आमचं कार्यालय भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर आहे. काही करता येईल?

बेसिन आणि संडास एकाच उभ्या पाइपाला जोडलेले असतील तर फारसं नाही. अशा वेळी बेसिनच्या सिंकखाली बादली ठेवून तेच पाणी फ्लशला वापरा. झाडांपर्यंत बादल्या वाहून नेण्याचा उत्साह पंधरा दिवस टिकतो, हे आम्ही पाहिलं आहे. घरमालक तयार असेल तर तळमजल्याच्या एका बेसिनपासून सुरुवात करा. एक बेसिन आणि चार आळी, हे पुरे.

मोठं संकुल असेल तर?

शेकडो माणसं, वसतिगृह, उपाहारगृह असेल तर आमच्या आळ्यांची पद्धत पुरणार नाही. नीरीचं (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं) मुख्यालय आपल्याच शहरात आहे, १९५८ पासून. त्यांनी विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत गिट्टीच्या थरात पाणवनस्पती लावून त्यातून सांडपाणी हळूहळू सोडतात. मुळांवरचे सूक्ष्मजीव घाण खातात, वीज जवळजवळ लागत नाही. त्यासाठी जाणकारांकडून आराखडा करून घ्यावा. हौसेने केलेली अशी कुंडं पुढे डासांची डबकी होतात.

एका झाडाला हे पाणी किती वर्षं द्यायचं?

दोन ते तीन उन्हाळे. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पण इथल्या झाडांना पाऊस पुरतो, नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्यांना मदत लागते ती मूळ खोल जाईपर्यंत. त्यानंतरही रोज वरच्या वर पाणी मिळत राहिलं तर मुळं वरच राहतात आणि मोठ्या वादळात झाड आडवं होतं. पळसाने फेब्रुवारीत पानं गाळलीच पाहिजेत, तेव्हाच तो फुलतो. त्याला बारमाही हिरवा ठेवण्याचा आग्रह धरू नये.

तिसऱ्या वर्षी पाणी एकदम तोडायचं नाही. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, मग एकदा, आणि मार्चमध्ये झाड कसं आहे ते बघून बंद. पाइपाचा शेवटचा तुकडा चिकटवलेला नसतो, नुसता बसवलेला असतो, तो काढून नवीन खड्ड्याकडे वळवता येतो. खड्डा मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा, रोप जूनअखेर लावायचं, पाइप ऑक्टोबरमध्ये जोडायचा. आमची पहिली सोळा करंजं आणि जांभळं आता या पाण्यावर नाहीत. ते पाणी सध्या पूर्वेच्या कुंपणाजवळच्या अर्जुनांना जातं, आणि यंदा मावशींनी बेलाची दोन रोपं घरून आणली आहेत. त्यांचे खड्डे खणून झाले आहेत.